जुन्या डेस्कटॉपला वायफाय कार्ड आणि नवीन विंडोज : या चुका टाळा

कार्ड बसवणं हे पाच-दहा मिनिटांचं काम. फसगत होते ती क्रमात. आधी कार्ड आणलं, मग फॉरमॅट मारला, आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) शोधायची वेळ आली तेव्हा नेटच नाही! म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हे आधी ठरवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीनवर फक्त ब्राउझर आणि बँकेचं काम होत असेल, तर माझ्या मते लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बरी. हिशेबाचं टॅली किंवा मराठी टायपिंगचं श्री-लिपी लागत असेल, तर विंडोज सुटत नाही.

कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्ड बघा. लांब पांढरा स्लॉट बहुधा जुन्या पीसीआयचा असतो, त्यात आजची कार्डं बसत नाहीत. हवा तो छोटा पीसीआय एक्सप्रेस एक्स-१. तो भरलेला असेल, तर मोठ्या एक्स-१६ स्लॉटमध्येही कार्ड चालतं. एएक्स२०१, एएक्स२११ अशी लॅपटॉपची कार्डं स्वस्तात मिळतात म्हणून अडॅप्टर लावून बसवू नका. त्यांचं अर्धं काम इंटेलच्या नव्या चिपसेटवर सोपवलेलं असतं, जुन्या बोर्डवर ती चालणारच नाहीत. एएक्स२०० चालतं, पण विंडोज ७ साठी त्याचा ड्रायव्हर नाही. ब्लूटूथही हवं असेल, तर सोबतची छोटी केबल बोर्डवरच्या यूएसबी हेडरला (यूएसबीच्या पिनांना) जोडायची विसरू नका.

उद्यमनगरासारख्या कारखान्यांच्या भागात मशीन असेल, तर आधी आतली धूळ ब्लोअरनं काढा. लोखंडाचा बारीक कीस विजेचा वाहक असतो, स्लॉटमध्ये राहिला तर शॉर्ट होऊ शकतो. प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि मगच आत हात घाला.

सगळ्यात जास्त नुकसान बॅकअपमध्ये होतं. ‘माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे’ असं बरेच जण ठामपणे सांगतात. पण डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. टॅलीचा डेटाही वेगळी जागा दिली नसेल, तर सी मधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. तो पेनड्राइव्हवर घ्या आणि फॉरमॅटआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर (परत) करा. डीटीपीवाल्यांनी फॉन्ट वेगळे कॉपी करावेत. ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून पुसले गेले, की वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली उघडतात खऱ्या, पण अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. कार्डाचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

इन्स्टॉल करताना दुसऱ्या हार्ड डिस्कची साटा (डेटाची) केबल काढून ठेवा. चुकीची डिस्क निवडून सगळं गमावण्याची भीती उरत नाही, आणि बूटच्या फाइलीही भलत्या डिस्कवर जात नाहीत. डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीच्या पार्टिशनची) असल्याची एरर आली, तर घाईनं पार्टिशन उडवू नका. विंडोज इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये बूट करून बघा. त्याच मशीनवर विंडोज १० आधी अॅक्टिव्ह होतं आणि तीच एडिशन टाकताय, तर की विचारल्यावर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडा. नेट लागलं, की विंडोज आपोआप अॅक्टिव्ह होतं.

इन्स्टॉलनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क कंट्रोलर’वर पिवळी खूण दिसली, तर कार्ड सापडलेलं आहे, फक्त ड्रायव्हर नाही. अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग सुरू करा, नेट मिळतं. काहीच दिसत नसेल, तर मशीन बंद करून कार्ड पुन्हा घट्ट बसवा, नाहीतर दुसरा स्लॉट बघा.

सिग्नल येतो पण टिकत नाही, तेव्हा आधी अँटेना नीट आवळलेत का ते पाहा. लोखंडी कॅबिनेट भिंतीला टेकून असेल, तर मागचे अँटेना झाकले जातात. वायरवाला अँटेना घेऊन तो टेबलावर ठेवा. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा पोचत नाही, तिथं २.४ च वापरा.

वायफाय जोडलेलं आहे, पण वेबसाइट सुरक्षित नसल्याचं सांगतात? घड्याळ बघा. तारीख जुनीच असेल, तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदला आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तारीख लावा.