जवळपासच्या लोकांशी अ‍ॅपवर गप्पा: ठावठिकाणा किती द्यावा

टेलिग्रामने ‘जवळपासचे लोक’ ही सोय सप्टेंबर २०२४मध्ये बंद केली आणि बॉट (आपोआप चालणारी खोटी खाती) व फसवणूक करणाऱ्यांचा उपद्रव हे त्यामागचे कारण सांगितले. टिंडर, बम्बल, हॅपन यांसारखी डेटिंग अ‍ॅप मात्र अजूनही अंतराच्या हिशेबानेच माणसे दाखवतात. मुंबईत ती वापरायची तर पहिला निर्णय लोकेशनचा घ्यावा.

अ‍ॅप उघडल्यावर लोकेशनची परवानगी मागितली जाते, तेव्हा ती ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ एवढीच द्यावी आणि अचूक लोकेशनचा पर्याय बंद ठेवावा. अँड्रॉइड १२पासून ही सोय फोनमध्येच आहे आणि त्यात अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो. आयफोनवर ती आयओएस १४पासून आहे. हे करण्याचे कारण असे की, कोणी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तुमचे अंतर पाहिले आणि नकाशावर त्या त्या अंतराची तीन वर्तुळे काढली, तर ती जिथे छेदतात तिथे तुमची इमारत सापडू शकते. प्रोफाइलमध्ये अंतर लपवण्याची सोय असेल तर तीही वापरावी. नवे खाते घरून न उघडता स्टेशनवरून किंवा ऑफिसच्या भागातून उघडलेले बरे.

पडद्यावरच्या अंतराला मुंबईत फारसा अर्थ नसतो. ते बहुधा सरळ रेषेत मोजलेले असते. वर्सोव्याला बसलेल्या माणसाला मढचा माणूस शेजारी दिसेल; प्रत्यक्षात मध्ये खाडी आहे, फेरीबोट चुकली तर रस्त्याने वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. दादरला पूर्व-पश्चिमेत रूळ आहेत, तर टॉवरमध्ये तिसऱ्या आणि तिसाव्या मजल्यावरचे दोघे अ‍ॅपच्या लेखी एकाच जागी असतात.

फोटो निवडताना मागे सोसायटीची पाटी, ऑफिसचे ओळखपत्र किंवा गाडीचा नंबर दिसत नाही ना, हे मोठे करून पाहावे. पहिल्या संदेशात नुसते ‘हाय’ लिहिण्यापेक्षा समोरच्याच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या गोष्टीविषयी विचारावे. बोलणे लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर नेण्याची घाई करणाऱ्याला, आणि तितक्याच घाईने गुंतवणुकीचा विषय काढणाऱ्याला, सरळ ब्लॉक करावे.

भेटायचे ठरल्यास जागा आपण सुचवावी, आणि ती शिवाजी पार्कच्या कट्ट्यासारखी वर्दळीची असावी. समोरची व्यक्ती एकाच विशिष्ट कॅफेचा आग्रह धरत असेल तर सावध व्हावे, कारण तिथे नेऊन हजारो रुपयांचे बिल गळ्यात मारण्याचे प्रकार मुंबईतही घडले आहेत. गेलाच असाल तर ऑर्डर देण्याआधी दरपत्रक मागावे. कुठे चाललो आहोत हे घरी किंवा मित्राला कळवावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

पैसे गेले किंवा फोटो पसरवण्याची धमकी आली, तर गप्पा पुसू नयेत. स्क्रीनशॉट काढून १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.