मादाम तुसाँला जाताय? आधी कान बघा

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. शाडूच्या वासातच मी मोठी झाले. आता हॅरोला राहते, म्हणजे लंडनच्या वायव्य टोकाला. मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडून कोणी ना कोणी येतंच, आणि बॅगा उघडायच्या आधी विचारतं, "ते मेणाचे पुतळे कधी बघायचे?" आजवर आत्या, मावशी, दोन्ही दीर, भाचरं असं सगळ्यांना नेऊन झालंय. मनापासून वाटतं की तिथे जाणाऱ्याने फोटो जरूर काढावेत, पण हातची कला बघूनच परत यावं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात तिकिटापासून. ऑनलाइन, आधीपासून आणि वेळ ठरवूनच काढा. दारात काढलेलं तिकीट महाग पडतं. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळची पहिली वेळ घ्या. आपली मे महिन्याची सुट्टी असते तेव्हा इथल्या शाळा चालू असतात, हे आपल्या फायद्याचं आहे. फक्त मेअखेरीच्या आठवड्यात इथल्या मुलांनाही सुट्टी असते, तो आठवडा टाळा. मी बाबांना पहिल्यांदा नेलं ते ईस्टरच्या सुट्टीत, बुकिंग न करता. चूक सर्वस्वी माझी. बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी रांगेत ताटकळले आणि आत पोचेपर्यंत थकून गेले.

स्टेशन बेकर स्ट्रीट. वेम्बली-हॅरोकडून येणाऱ्यांना मेट्रोपॉलिटन लाइन थेट आणून सोडते. बाहेर पडून मॅरिलबोन रोडवर आलात की हिरवा घुमट दिसेल. ते पूर्वीचं तारांगण, १९५८ साली उघडलेलं. आता घुमटाखाली सुपरहिरोंचा चित्रपट दाखवतात. मुलांना तो फार आवडतो.

गाडीत बसल्या बसल्या मी पाहुण्यांना मारीची, म्हणजे खुद्द मादाम तुसाँची, गोष्ट सांगते. ती माहीत असली की आतलं सगळं वेगळं दिसतं. मारी ग्रोशोल्त्झचा जन्म १७६१ साली स्ट्रासबुर्गला झाला. वडील सैनिक होते, ते तिच्या जन्माआधीच गेले. आई बर्नमध्ये फिलिप कर्टियस नावाच्या डॉक्टरकडे घर सांभाळायला होती. हा डॉक्टर शरीररचना शिकवण्यासाठी मेणाचे अवयव करायचा. पुढे तो माणसांचे चेहरे करू लागला, पॅरिसला गेला आणि त्याने मारीच्या हातात मेण दिलं. तिने फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरचा चेहरा घडवला तो १७७७ साली, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी. आमच्याकडे त्या वयाच्या पोरांना फार तर उंदीर रंगवायला देतात!

१२ जुलै १७८९ ला, बास्तीयचा तुरुंग पडून फ्रेंच राज्यक्रांती पेटायच्या दोनच दिवस आधी, पॅरिसच्या जमावाने कर्टियसच्या प्रदर्शनातले मेणाचे दोन अर्धपुतळे उचलले आणि रस्त्यातून मिरवले. पुढे गिलोटिन सुरू झाल्यावर, मारी स्वतः सांगायची त्याप्रमाणे, तिला कापलेल्या मस्तकांवरून मुखवटे घ्यावे लागले. कर्टियस १७९४ मध्ये वारला आणि संग्रह तिच्या नावे करून गेला. दुसऱ्या वर्षी तिने फ्रांस्वा तुसाँशी लग्न केलं. १८०२ मध्ये थोरल्या मुलाला घेऊन ती इंग्लंडला आली. मग इंग्लंड-फ्रान्स युद्धामुळे परतीची वाट बंद झाली. त्यानंतर ३३ वर्षं ती पुतळे गाड्यांवर लादून गावोगाव फिरली. बेकर स्ट्रीटवर कायमची जागा मिळाली ती १८३५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आत्ताची मॅरिलबोन रोडची जागा तिच्या नातवाने १८८४ मध्ये घेतली. मारी १८५० मध्ये गेली, पण त्याआधी १८४२ साली तिने स्वतःचा पुतळा घडवला. काळी टोपी, चष्मा, बारीक चण. तो दिसला की मी तिथे थांबते आणि नमस्कार करते.

आता आत कसं बघायचं ते. मेण असतं ते फक्त डोकं आणि हात यांचं. बाकी अंग फायबरग्लासचं, वर खरे कपडे. म्हणून साडी-सूट-बूट बघण्यात वेळ घालवू नका. एक पुतळा निवडा आणि त्याच्या बाजूला, खांद्याच्या रेषेत उभे राहा. समोरून सगळे बघतात. बाबा त्या दिवशी बराच वेळ एका पुतळ्याच्या बाजूला गप्प उभे होते. मला वाटलं थकले. तर म्हणाले, "कान बघ. तोंड कोणीही जमवतो, कानात कारागीर कळतो." कानाची पाळी उजेडाकडे आली की किंचित लालसर, आरपार वाटते. प्लॅस्टरमध्ये हे कधीच होत नाही. प्लॅस्टर उजेड अडवतं, रंग नुसता वर बसतो. मेण उजेड थोडा आत घेतं, आपल्या कातडीसारखं, आणि पातळ रंगाचे थर एकमेकांतून दिसत राहतात. मेणच का, याचं उत्तर त्या पाळीत आहे.

मग कपाळावरची केसांची रेघ बघा. एकेक केस सुईने मेणात खोचलेला असतो. एका डोक्याला साधारण पाच आठवडे लागतात. कोणता केस कुठे झुकलाय ते पाहा. भुवयांतही तेच. मग डोळे. आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, घरातला सगळ्यात जाणता हात करतो. इथे डोळा वेगळा घडवतात आणि पोकळ डोक्याच्या आतून बसवतात. पांढऱ्या भागात लाल रेशमाचे बारीक तंतू असतात, शिरांसाठी. वाकून बघा, दिसतात.

मुलांना हेही सांगा: जिवंत माणसाचा पुतळा करायचा तर आधी त्याची २०० हून जास्त मापं घेतात. मग मातीत डोकं घडवतात, तेही खऱ्यापेक्षा सुमारे दोन टक्के मोठं, कारण मेण थंड होताना आखडतं. हे ऐकून बाबा खूश झाले. शाडूही वाळताना आखडते, हा हिशेब त्यांच्या हातातच होता.

आपली माणसं कुठे, हा प्रश्न येणारच. अमिताभ बच्चन २००० मध्ये आले, सचिन तेंडुलकर २००९ मध्ये, माधुरी दीक्षित २०१२ मध्ये. पण पुतळे हलवतात, बदलतात, म्हणून निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. मावशी फक्त माधुरीसाठी येणार असेल तर हे विसरू नका.

"स्लीपिंग ब्यूटी", म्हणजे झोपलेली सुंदरी, मांडलेली असेल तर तिच्यापाशी गर्दी ओसरेपर्यंत थांबा. कर्टियसने १७६५ मध्ये घडवलेलं हे रूप, आणि आतल्या यंत्राने तिची छाती श्वासासारखी हलते. आवाज न करता बघा. भीतीचं दालन मात्र लहानांसाठी नाही. ते २०१६ मध्ये बंद झालं होतं, २०२२ पासून पुन्हा चालू आहे. मुलं बरोबर असतील तर एकाने बाहेर थांबावं. काळ्या टॅक्सीत बसून लंडनचा इतिहास दाखवणारी फेरी सगळ्यांनी घ्यावी, आजी-आजोबांच्या पायांना आराम द्यायला बरी पडते.

एक गोष्ट मला कायम लागते. १९२५ मध्ये इथे आग लागली, पुतळे वितळले, पण साचे वाचले होते, म्हणून १९२८ मध्ये दार पुन्हा उघडता आलं. १९४० मध्ये बॉम्ब पडला आणि साडेतीनशेहून अधिक मस्तकांचे साचे गेले. हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मूर्ती फुटली तर दुसरी निघते गं." आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

आत दोन-अडीच तास धरा. बाहेर पडलात की यॉर्क गेटमधून पाच मिनिटांत रीजेंट्स पार्क. पोळी-भाजीचा डबा घेऊन जा, तळ्याकाठी बाकं आहेत.