पहिलं वर्ष बिनकामाचं

कॅथलिक धर्मसंघात दाखल होऊन तुम्ही परदेशातल्या संघाच्या घरी निघालात, म्हणून हे लिहितोय. आधी कागदांचं बघू, म्हणजे मग निवांत बोलता येईल. व्हिसा हातात आहे म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. बऱ्याच देशांत आल्यावर ठरावीक दिवसांत नाव नोंदवून रहिवासाचा परवाना वेगळा काढावा लागतो. हे काम संघाच्या घरातले वडीलधारे करतीलच, तरी शेवटची तारीख तुमच्या स्वतःच्या डायरीत असू द्या. पासपोर्टही स्वतःजवळच ठेवा. 'सगळ्यांचे एकत्र कपाटात ठेवतो' असं कोणी म्हणालं तर हसतमुखाने छायाप्रत द्या. माझा परवाना संपल्याचं आमच्या घरात अकरा दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. दंड भरावा लागलाच, शिवाय सरकारी बाकावर बसल्या बसल्या माझी जपमाळेची आनंदाची, प्रकाशाची, दुःखाची, गौरवाची सगळी रहस्यं म्हणून झाली, तरी माझा नंबर लागला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी तुमचा इथे कुणाला काडीचाही उपयोग नाही. टोचायचं म्हणून बोलत नाही. मला हे नऊ वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझी निम्मी चिडचिड वाचली असती. घरून निघताना आपली पाठवणी होते, गळ्यात हार पडतात, आशीर्वाद मिळतात, आणि इथे आल्यावर कळतं की आपल्याला दुकानातून साधं साबण आणता येत नाही. जीव ओतायला निघालेला माणूस इथे भांडी पुसतो.

आणि हे मुद्दामच आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, नोव्हिशिएट (व्रतं घेण्याआधीचा घडणीचा काळ) किमान १२ महिन्यांचं सांगितलंय, आणि त्या काळात या घडणीला थेट उपयोगी नाही असा अभ्यास किंवा जबाबदारी नोव्हिसवर, म्हणजे त्या काळातल्या उमेदवारावर, टाकू नये असंही म्हटलंय. म्हणजे तुम्ही बिनकामाचे असणं हा नियमच आहे! त्याच कायद्याची एक व्यावहारिक बाजू लक्षात ठेवा. नोव्हिशिएटच्या घरापासून १५ दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात तर ते दिवस भरून द्यावे लागतात. सलग असो वा तुकड्या-तुकड्यांनी, गैरहजेरी ३ महिन्यांच्या वर गेली तर नोव्हिशिएटच बाद. तुमच्या कुटुंबातल्या लग्नकार्यांचं आत्ताच सांगून टाका, आयत्या वेळी रुसवेफुगवे नकोत.

भाषेसाठी वर्ग लावतील, तिथे जाच. पण भाषा वर्गात येत नाही, स्वयंपाकघरात येते. आमच्याकडे एक वयस्क ब्रदर (संघातले व्रतस्थ बंधू) स्वयंपाक बघायचे. मी फडकं घेऊन उभा राहिलो की ते धुतलेली वस्तू वर धरायचे, तिचं नाव घ्यायचे आणि मी ते नीट म्हणेपर्यंत ती माझ्या हातात द्यायचे नाहीत. चाळणीसाठी एकदा पाच मिनिटं गेली. पाणी माझ्या बाहीत ओघळत होतं आणि ते शांतपणे मान हलवत होते, 'नाही, परत.' तीन आठवड्यांत झाकण, कान तुटलेला कप, उतू जाणं, करपणं हे सगळं मला येत होतं. 'तारण' हा धर्मातला मोठा शब्द मात्र अजून येत नव्हता. आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, क्रम बरोबरच होता.

पहिल्यांदा मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) वाचन दिलं तेव्हा आठवडाभर पाठ केलं होतं. एक स्वर लांबवला आणि 'प्रार्थना करूया'च्या जागी 'भांडूया' म्हणून बसलो. कोणी हसलं नाही, फक्त दुसऱ्या बाकावरच्या आजींनी पदर लावावा तसा रुमाल तोंडाला लावला. मिस्सा संपल्यावर त्यांनीच माझा हात धरून तो शब्द तीनदा म्हणून घेतला. पुढे दर रविवारी त्यांनी माझी उजळणी घेतली. चुकलो नसतो तर त्या आजी मला भेटल्याच नसत्या.

घाई वाटली की थॉमस स्टीफन्स आठवा. इंग्रज मिशनरी, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं मराठीतलं ख्रिस्तपुराण छापून निघालं १६१६ मध्ये. मध्ये ३७ वर्षं. इटालियन मिशनरी मात्तेओ रिची चीनमध्ये शिरला तो बौद्ध भिक्षूच्या वेशात. इथल्या जाणत्या लोकांशी बोलायचं तर विद्वानांचा झगा हवा, हे उमगून १५९५ मध्ये त्याने वेश बदलला, तोवर बारा वर्षं होत आली होती. आणि आपल्याला तिसऱ्या महिन्यात प्रवचन करायचं असतं.

घरातल्या माणसांबद्दल फार लिहीत नाही. चार देशांचे लोक एका छताखाली राहिले की भांडणं ख्रिस्तशास्त्रावरून होत नाहीत, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून होतात. ज्याचं त्याला त्याच दिवशी सांगा, मनात साठवू नका.

चौथ्या-पाचव्या महिन्यात एक दिवस असा येईल की सगळंच नको वाटेल. जेवण जाणार नाही, प्रार्थनेत फक्त घड्याळ दिसेल. त्याला लगेच 'पाचारणाची (देवाच्या बोलावण्याची) परीक्षा' वगैरे मोठी नावं देऊ नका. आधी झोप काढा, दोन-चार दिवस भरपूर चाला, तरी फरक पडला नाही तर डॉक्टरला भेटा. मग नोव्हिस मास्टरशी, म्हणजे नोव्हिसांची घडण बघणाऱ्या वरिष्ठांशी, बोला. दोन गोष्टी मात्र ठाऊक असू द्या, कारण त्या कोणी आपणहून सांगत नाही. नोव्हिस कधीही, कुणाची परवानगी न मागता, मोकळेपणाने नोव्हिशिएट सोडून घरी जाऊ शकतो. आणि अंतःकरण उघडं करायला कुठल्याही प्रकारे भाग पाडायची वरिष्ठांना कायद्याने मनाई आहे. विश्वास बसला तर जरूर बोला, पण तो हक्काने मागायचा नसतो. कुणाचं वागणं खटकलं, अंगचटीला येणं असो वा धाकदपटशा, तर घराबाहेरच्या विश्वासू माणसाला लगेच सांगा. ही चहाडी नव्हे.

राहिलं आई-वडिलांचं घर. सोळाव्या शतकातले मिशनरी फ्रान्सिस झेवियर सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून गळ्यातल्या पिशवीत बाळगायचे. पत्र यायला तेव्हा वर्ष-वर्ष लागायचं. तुमच्याकडे फोन आहे, तोच घोळ आहे. रोज बोलत राहिलात तर तुम्ही इथे पोहोचतच नाही. आठवड्यातून एक वार ठरवा, वेळ ठरवा आणि ती पाळा. पहिल्या फोनवर आई विचारेल, 'काय काम करतोस रे तिथे?' मी तेव्हा बराच वेळ गप्प राहिलो होतो. मग म्हणालो, 'चाळणीला काय म्हणतात ते शिकलो.'