काल्पनिक चित्र फसते कुठे? फँटसी इलस्ट्रेशन शिकताना या चुका टाळा

फँटसी इलस्ट्रेशन शिकू पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार रंगकामाविषयी असते. चित्र सपाट दिसते, राक्षस खेळण्यातला वाटतो, जादूचा प्रकाश उजळत नाही, अशी लक्षणे सांगितली जातात आणि त्यांवरचा उपाय म्हणून नवे ब्रश, नवा टॅब्लेट किंवा आणखी एखादा व्हिडिओ शोधला जातो. दोष रंगकामात दिसत असला, तरी तो चित्रात शिरलेला असतो बराच आधी: प्रसंग निवडताना, टोन (म्हणजे कोणता भाग किती गडद, किती उजळ) ठरवताना किंवा सांगाड्याचा विचार न करता प्राण्याच्या पाठीवर पंख चिकटवताना. म्हणून या चुका ज्या क्रमाने चित्रात शिरतात, त्याच क्रमाने येथे घेतल्या आहेत.

प्रसंग न ठरवता रेखाटायला बसणे

तलवार घेतलेली योद्धा स्त्री, मागे किल्ला आणि आकाशात ड्रॅगन, ही झाली वस्तूंची यादी; त्यात प्रसंग नाही. ती स्त्री ड्रॅगनला मारायला निघाली आहे, त्याच्यापासून लपते आहे, की तो तिचाच आहे, हे ठरल्याशिवाय तिची मान कोणत्या दिशेला वळेल आणि तलवारीवरची पकड घट्ट असेल की सैल, हे ठरू शकत नाही. अर्धवट सोडलेली बहुतेक चित्रे याच ठिकाणी अडलेली असतात, आणि चित्रकार मात्र आपल्याला चिकाटी नाही असे समजून बसतो.

चांदोबा वाचलेल्यांना चित्रकार शंकर यांचे विक्रम-वेताळाचे चित्र आठवत असेल. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि भोवती स्मशान, एवढ्यात राजाचा निश्चय, ओझे आणि भय या तिन्ही गोष्टी येतात. ते चित्र पूर्ण काळ्या रंगाने भरून टाकले, तरी नुसत्या बाह्याकारावरून ओळखू येईल. आपल्या कल्पनेचीही हीच परीक्षा घ्यावी. काडेपेटीएवढ्या चौकटी आखून एकाच प्रसंगाची निरनिराळी थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटने, काढावीत, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये आणि ज्याचा बाह्याकार लांबूनही वाचता येतो तेच पुढे न्यावे. पहिलेच थंबनेल आवडले तरी थांबू नये, कारण पहिली कल्पना बहुधा दुसऱ्या कुणाच्या चित्राची आठवण असते.

सपाटपणाचा दोष रंगांवर ढकलणे

चित्र सपाट दिसू लागले, की रंग अधिक भडक करण्याचा मोह होतो आणि त्याने चित्र आणखी बिघडते. डिजिटल काम असेल, तर सर्वांत वर राखाडी छटेचा एक लेयर (चित्रावरचा वेगळा थर) ठेवून त्याचा ब्लेंड मोड ‘कलर’ करावा आणि चित्र कृष्णधवल करून पाहावे. कागदावरचे काम असेल, तर मोबाईलने फोटो काढून तो कृष्णधवल करावा. नायक आणि मागचे जंगल एकाच करड्या टोनमध्ये मिसळून गेले असतील, तर दोष तेथेच आहे. थंबनेलच्या वेळीच गडद, मध्यम आणि उजळ असे तीनच टोन घेऊन सगळी मांडणी करून घेतली, म्हणजे हा प्रश्न पुढे फारसा उरत नाही.

दूरच्या वस्तूंबाबतची चूक याच्याच पोटातली आहे. आकाशात तरंगणारे नगर कोरीव तपशिलांसह रंगवले जाते आणि ते वर चिकटवलेल्या स्टिकरसारखे दिसते. पाऊस उघडल्यावर सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावरून पाहिले, तर जवळची डोंगररांग काळपट हिरवी, तिच्यामागची निळसर आणि शेवटची जवळजवळ आकाशाच्याच रंगाची दिसते, कारण मधल्या हवेमुळे गडद रंग फिकट होतात आणि छायाप्रकाशातला फरक कमी होत जातो. तरंगणारे नगर दहा कोसांवर आहे असे वाचकाला वाटायला हवे असेल, तर त्याच्या सर्वांत गडद खिडकीचा टोनही जवळच्या झाडाच्या सावलीपेक्षा फिकट असला पाहिजे.

काल्पनिक प्राण्याला शरीररचना लागत नाही, असे मानणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. जो प्राणी कुणी पाहिलेला नाही, त्याची ॲनाटॉमी कोण तपासणार, असा युक्तिवाद केला जातो. परंतु पाहणाऱ्याने आयुष्यभर कुत्री, गाई, पक्षी आणि माणसे पाहिलेली असतात, आणि खांदा चुकीच्या जागी आहे हे कारण सांगता आले नाही तरी त्याला जाणवते.

पंखांचेच उदाहरण घेऊ. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय: त्यात दंडाचे एक हाड, कोपरापुढची दोन हाडे आणि मनगटापुढचा आखडलेला पंजा असतो. वटवाघळाच्या पंखाचा पडदा चार लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेला असतो आणि अंगठा मात्र मोकळा, नखासह वर आलेला असतो. म्हणजे चार पाय आणि शिवाय दोन पंख असलेल्या प्राण्याला खांद्यांची दुसरी जोडी द्यावी लागते, आणि तिला हलवणाऱ्या स्नायूंना जागाही. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडाला मध्यभागी एक उंच कडा असतो, ज्याला उड्डाणाचे मोठे स्नायू जोडलेले असतात. म्हणून आपल्या प्राण्याची छाती खोल आणि भरीव काढली, तर त्याचे उडणे पटते. सपाट छातीच्या घोड्याला पाठीच्या मधोमध पंख लावले, की तो कॅलेंडरवरचा वाटतो, याचे कारण हेच.

अनेक हातांच्या आकृतीतही अडचण तीच. तिच्यावरचा उत्तम धडा वेरूळला, सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्याच्या दक्षिण बाजूला, दगडात आहे. कैलास पर्वत हलवणारा रावण तेथे खालच्या अंधाऱ्या पोकळीत बसवला आहे आणि त्याचे अनेक हात खांद्यांच्या मागून पसरत जातात. एकही हात बरगडीतून उगवल्यासारखा दिसत नाही. वर पार्वती शिवाला बिलगली आहे, म्हणजे पर्वत हलला हे सांगायला पर्वताला तडे दाखवण्याची गरज पडलेली नाही. तेथे जाऊन फोटो काढण्यापेक्षा तासभर बसून स्केच केले, तर छायेचा उपयोग आणि हातांची जोडणी या दोन्ही गोष्टी हातात उतरतात.

प्राण्याचा अवाढव्यपणा दाखवण्यासाठी तो चौकटभर मोठा काढणे हा उपाय चालत नाही, कारण शेजारी ओळखीचे माप नसेल तर मोठा आणि लहान यांत फरकच कळत नाही. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेल्या शरभाच्या, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याच्या, पंजांत हत्ती धरलेले दिसतात. हत्ती केवढा असतो हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून शिल्प हातभर असले तरी शरभ प्रचंड वाटतो.

जादूचा प्रकाश पांढऱ्या रंगाने काढणे

मांत्रिकाच्या तळहातावर तेजाचा गोळा असतो, त्याभोवती पांढरे वलय फिरवलेले असते, आणि चेहऱ्यावर मात्र दुपारच्या उन्हासारखा सगळीकडे सारखा उजेड पडलेला असतो. गोळा उजळतो तो आजूबाजूच्या अंधारामुळे. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काही काढता येत नसल्याने बाकी सारे खाली आणणे हाच मार्ग आहे. शिवाय लहान दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथाई उरतो. त्यामुळे बोटे लख्ख दिसतील, हनुवटी आणि भुवयांची खालची बाजू मध्यम उजळेल, आणि खांद्यापर्यंत जेमतेम उजेड पोहोचेल. चेहऱ्यावरच्या सावल्या वर जातील, नेहमीसारख्या खाली पडणार नाहीत.

हे अंदाजाने काढू नये. खोलीत अंधार करावा, मोबाईलच्या टॉर्चभोवती पातळ कागद गुंडाळून तो हातात धरावा आणि आरशात पाहावे. बोटांच्या कडांना आतून लालसर झाक येते, ती कल्पनेने सुचत नाही. प्राण्यांसाठी मातीचा नमुना उपयोगी पडतो. अमेरिकन चित्रकार जेम्स गर्नी आपल्या काल्पनिक प्राण्यांचे आणि वास्तूंचे छोटे नमुने घडवून त्यांवर प्रकाश पाडून पाहतात. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत शाडूची माती सहज मिळते. वीतभर लांबीचा ओबडधोबड प्राणी करून टेबललॅम्पखाली फिरवला, की पंखाची सावली पाठीवर कोठे पडते याचे उत्तर समोर दिसते.

स्टाईल शोधत हिंडणे

एकाच संकेतस्थळावरील लोकप्रिय चित्रे पाहून शिकणाऱ्यांची चित्रे एकमेकांसारखी दिसू लागतात, आणि मग कधी बर्फ न पाहिलेला मुलगा सूचिपर्णी झाडे आणि बर्फाळ किल्लेच काढत राहतो. तसे काढू नये असे नाही, परंतु रेफरन्सचा संग्रह एवढ्यावरच थांबता कामा नये. पिंगुळी गावच्या चित्रकथी या कथाचित्रांतील राक्षसांचे विस्फारलेले डोळे, सावंतवाडीच्या गंजिफांवरील, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरील, इवल्याशा गोलात बसवलेले दशावतार, गावाबाहेरच्या वीरगळांतील, म्हणजे वीरांच्या स्मरणशिळांतील, एकावर एक रचलेले युद्धाचे आणि स्वर्गारोहणाचे पट, हे सारे मांडणीचे तयार धडे आहेत. आवडत्या चित्रकाराची नक्कल सरावासाठी अवश्य करावी, मात्र ती स्वतःचे काम म्हणून पोर्टफोलिओत ठेवू नये. पोर्टफोलिओत थोडीच चित्रे असावीत. त्यातील सर्वांत कच्च्या चित्रावरून पारख होते.

काम सोपवताना होणारे घोटाळे

पडद्यावर झळकणारा निळा-हिरवा रंग छपाईत मळकट होतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छापखाना चार शायांनी. मुखपृष्ठाचे काम असेल, तर छपाईच्या रंगपद्धतीत चित्र कसे दिसते हे आरंभीच तपासावे. ए-फोर आकार ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, त्याहून लहान फाइलवर सुरुवात करू नये. कापणीसाठी सहसा प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जादा चित्र लागते आणि शीर्षकासाठी शांत जागा थंबनेलमध्येच राखून ठेवावी लागते. नाहीतर ड्रॅगनचे डोके अक्षरांखाली जाते.

पैशांची बोलणी तोंडी होतात, हक्कांची होतच नाहीत. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरू शकतो. हक्क हस्तांतरित करायचे असतील, तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत मानला जातो. म्हणून चित्र कोणत्या पुस्तकासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या माध्यमात वापरले जाईल, मूळ चित्र कोणाकडे राहील आणि किती वेळा बदल करून दिले जातील, हे पहिले रफ, म्हणजे कच्चे रेखाटन, पाठवण्यापूर्वीच लिहून घ्यावे.