कुलरचा पंप आणि पंखा वेगळे करा: आर्डुइनोवर घरगुती तापमान-नियंत्रक

लातुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात कुलरचे जे पंप येतात, त्यातले बरेच कोरडे चालून जळालेले. टाकी संपते, घरचे झोपलेले आणि पंप आपला चालूच. त्यात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. पहाटे खोली गार झाल्यावरही पाणी उडत राहावं, हे मला पटत नाही. म्हणून खोलीचं तापमान पाहून कुलर चालू-बंद करणारा नियंत्रक बनवा, पण अख्खा कुलर एका रिलेवर (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) टाकू नका. पंपाला एक, पंख्याला दुसरा.

सामान थोडंच: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, डीएस३२३१ घड्याळ, ५ व्होल्टचं दोन रिलेंचं मॉड्यूल आणि मोबाइलचा चांगला चार्जर. सेन्सरची डेटा वायर बोर्डाच्या डी२ पिनला, आणि डेटा ते ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. तो विसरलात तर वाचन येणारच नाही. घड्याळाची एसडीए पिन बोर्डाच्या ए४ला, एससीएल पिन ए५ला. त्यात सेल असल्यामुळे लाईट गेली तरी वेळ चुकत नाही, आणि आपल्याकडे लाईट जाणारच.

आता खरी गोष्ट. पंपाची फेज रिलेच्या एनओवर (रिलेला वीज नसताना उघडा राहणारा जोड) घ्या, पंख्याची एनसीवर (वीज नसताना जुळलेला राहणारा जोड). नियंत्रक बंद पडला तर पंप थांबेल, पंखा मात्र फिरत राहील. मे महिन्यात घरात म्हातारं माणूस झोपलेलं असताना याच्या उलट झालेलं चालत नाही. पंख्याचा रिले ओढला, म्हणजे त्याला वीज दिली, की पंखा बंद, हे प्रोग्रॅममध्ये लक्षात ठेवा. रिले नेहमी फेजवरच तोडायचा, न्यूट्रलवर नाही.

चालू आणि बंद यांत अंतर हवं. दुपारी ३१ अंशांना पंप चालू, २९ला बंद. रात्री दहानंतर हेच आकडे २९ आणि २७. एकाच आकड्यावर दोन्ही ठेवलं तर रिले टकटक करत बसतो. एका रिलेत बदल झाला की तीन मिनिटं तोच रिले पुन्हा हलू देऊ नका, पण त्यासाठी प्रोग्रॅममध्ये डिले (सगळं थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरू नका, मिलिस (नुसता वेळ मोजणारी) वापरा. पंप पंख्याच्या दोन मिनिटं आधी सुरू करा, म्हणजे पॅड भिजलेले असतात.

सेन्सर चालू होताच ८५ दाखवतो, ते वाचन टाकून द्या. उणे १२७ आलं तर वायर सुटली समजा आणि दोन्ही रिले सोडून द्या, म्हणजे त्यांची वीज काढा. सेन्सर बाजेच्या उंचीवर, कुलरच्या झोतापासून दूर लावा. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलात तर तो पत्र्याचंच तापमान सांगेल.

कुलर लोखंडी असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाईट तोडणारा स्विच) बसवा. दरवर्षी कुलरच्या शॉकनं माणसं जातात. २३० व्होल्टच्या वायरी स्वतःला जमत नसतील तर वायरमनकडून करून घ्या. पहिली चाचणी कुलर न लावता, दोन बल्ब जोडून. सेन्सर मुठीत धरायचा, तापमान चढलं की पंपाचा बल्ब पेटला पाहिजे. सेन्सरची वायर काढली की तो विझला पाहिजे आणि पंख्याचा पेटलेला राहिला पाहिजे. एवढं जमलं की मगच कुलरच्या वायरी जोडा.