कोकणातल्या घरात प्रवाळाची टाकी

समुद्र दाराशी असला तरी किनाऱ्यावरचं पाणी टाकीत भरू नका. पावसात खाडीचा गढूळ लोंढा मिसळून त्याची क्षारता घसरते, बंदराजवळ डिझेलचा तवंग असतोच. आरओचं पाणी आणि रीफ सॉल्ट, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठी मिळणारं तयार समुद्री मीठ, घ्या. 200 लिटरच्या टाकीत दगड-वाळू बसल्यावर पाणी मावतं साधारण 170 लिटर. लिटरला 35 ग्रॅम धरलं तर मीठ सहा किलो. वेगळ्या पिंपात, पाण्यात थोडं थोडं मीठ सोडत पंपाने रात्रभर ढवळा. उलट केलंत, मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियम चुन्यासारखं तळाशी बसतं आणि सहजी विरघळत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की झालं.

अंगणातला जांभा आत नको, त्यात लोह भरपूर. कोरडा रीफ रॉक, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचा सच्छिद्र दगड, रचा आणि पाण्यातले माशांना विषारी अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबा. चार-सहा आठवडे जातात. मग क्लाउनफिशची जोडी, नंतर मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ. मालवणच्या समुद्रातून प्रवाळ उचलू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

खरी डोकेदुखी मे महिन्याची. पाणी 25-26 अंशांवर हवं. तिशी ओलांडून टिकलं की प्रवाळ पांढरे पडू लागतात. पंख्याचा गारवा बाष्पीभवनातून येतो, आपल्या दमट हवेत तो तोकडा पडतो. पाणी थंड करणारा चिलरच घ्या, महाग असला तरी. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला, मीठ काही उडत नाही. वीज गेली तर मासे आधी गुदमरतात, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप जूनआधी आणून ठेवा.