बलवाहक कणाच्या स्पिनवरून बलाचे स्वरूप कसे ओळखावे

एखादे बल सजातीय भारांना जवळ ओढणार की दूर सारणार, हे ठरवायचे असल्यास प्रथम त्याच्या वाहक कणाचे, म्हणजे ज्याच्या देवघेवीतून ते बल निर्माण होते त्या कणाचे, स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) पाहावे. स्पिन 0 किंवा 2 असल्यास आकर्षण आणि 1 असल्यास प्रतिकर्षण, एवढे पाठ करून काम भागते. पण ते चिन्ह येते कोठून, हे एकदा मांडून पाहिलेले बरे.

स्पिन 0 च्या वाहकाचे क्षेत्र अदिश असते, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी त्याला दिशा नसते, फक्त एक संख्या असते. दोन स्थिर भारांमधील परस्परक्रियेची ऊर्जा तेथे ऋण निघते आणि अंतर कमी होईल तशी ती आणखी घटते, म्हणून भार जवळ येतात. स्पिन 1 च्या क्षेत्राला अवकाश-कालाचा एक निर्देशांक (काल किंवा अवकाश यांपैकी कोणता घटक ते दाखवणारी खूण) असतो आणि स्थिर भाराचा संबंध त्यातील फक्त कालघटकाशी येतो. सापेक्षता सिद्धांतात कालघटकाचे चिन्ह अवकाशघटकांच्या उलट असल्यामुळे ऊर्जेचे चिन्ह एकदा पालटते; फोटॉनची (प्रकाशकणांची) देवघेव करणारे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात ते यामुळेच. स्पिन 2 ला निर्देशांक दोन, म्हणून चिन्ह दोनदा पालटते आणि आकर्षण परत येते.

मग गुरुत्वाकर्षणाचा वाहक स्पिन 0 चा का मानू नये? येथे नुसते चिन्ह पाहून भागत नाही; वाहक कोणाकोणाशी जोडला जातो, हेही तपासावे लागते. गुरुत्वाचा वाहक अदिश असता, तर त्याचा प्रकाशाशी संबंधच आला नसता. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात मात्र सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकलेले आढळले. म्हणून ग्रॅव्हिटॉनचे, म्हणजे गुरुत्वाच्या या कल्पित वाहकाचे, स्पिन 2 मानतात, जरी तो कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.

त्यानंतर बलाचा पल्ला, म्हणजे ते किती अंतरापर्यंत पोचते हे काढावे. त्यासाठी 197 या संख्येला वाहकाच्या एमईव्हीमधील (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांचे वस्तुमान सांगण्याचे एकक) वस्तुमानाने भागले की उत्तर फेम्टोमीटरमध्ये (10⁻¹⁵ मीटर) मिळते. अणुकेंद्रातील कणांमध्ये बल वाहणाऱ्या, स्पिन 1 च्या ओमेगा मेसॉनचे वस्तुमान सुमारे 782 एमईव्ही, म्हणजे पल्ला जेमतेम 0.25 फेम्टोमीटर; अणुकेंद्रातील कण फार जवळ आल्यावर एकमेकांना ढकलतात, त्याचे एक प्रमुख कारण हेच मानले जाते. पायॉन या दुसऱ्या मेसॉनचे स्पिन 0 आणि पल्ला सुमारे 1.4 फेम्टोमीटर आहे, परंतु येथे वरील नियम सरसकट लावू नये, कारण तो छद्म-अदिश (आरशातील प्रतिमेत ज्याचे चिन्ह पालटते असा) असल्याने त्याचे बल प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या स्वतःच्या स्पिनच्या दिशांनुसार कधी ओढते, तर कधी ढकलते.